आबारावांची मागची सीट

आबारावांच्या मोटारसायकलची मागची सीट सात वर्षे रिकामी होती.

कारखान्याच्या फाटकावर शिफ्ट सुटली की एकेका गाडीवर तीन-तीन माणसे बसून घरी जातात. आबाराव मात्र एकटे जात. कुणी हात केला तर थांबत, गाडी बंद करत आणि म्हणत, "चल, पायी बोलत जाऊ." आणि खरोखरच गाडी ढकलत त्या माणसाबरोबर चालू लागत. त्यामुळे हळूहळू लोकांनी हात करणेच सोडून दिले.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यात मी टाईम ऑफिसात आहे. कोण कोणत्या शिफ्टला, कोण रजेवर, हे माझ्या टेबलावरून जाते. आबाराव हंगामी कामगार. ऊस जिथे वाहनातून उतरवून आत सोडतात त्या गव्हाणीवर त्यांचे काम. वडील मेंढपाळ. आबाराव स्वतः विसाव्या वर्षापर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने मेंढरांमागे चालले. पुढे थोडी जमीन झाली, कारखान्यात काम लागले, आणि मुलगा अंगद कमावता झाल्यावर त्याने वडिलांना मोटारसायकल घेऊन दिली. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते.

गाडी शिकून दोन महिने झाले नाहीत तोच पत्नी बायनाबाईंना मागे बसवून ते घनसावंगीला साखरपुड्याला गेले. परत येताना कुत्रे आडवे आले. आबारावांनी एकटे असल्यासारखा ब्रेक दाबला. बायनाबाई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर लाडवांचा डबा, दोन्ही हात डब्याला. त्या रस्त्यावर पडल्या. उजवे मनगट मोडले ते आजही पूर्ण वळत नाही. "डबा सोडला असता तर हात वाचला असता," असे त्या सांगतात, आणि पुढे हमखास जोडतात, "पर मेंढरं हाकणाऱ्यानं मेंढरंच हाकावी."

त्या दिवसापासून मागची सीट बंद झाली. ती उघडायची वेळ आली सुनेमुळे.

मनीषा, अंगदची बायको. अंगद चाकणला एका कंपनीत असतो, महिन्यातून एकदा येतो. मनीषा तीन वर्षांच्या रेणुकाला घेऊन सासरी राहते आणि अंबडला नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करते. दुसऱ्या वर्षाला दवाखान्यातली ड्युटी लागली आणि तिची वेळ झाली सकाळी आठची. यांची वस्ती अंकुशनगरपासून तीन किलोमीटर आत. पहिल्या बसने अंबडला पोचायला साडेआठ वाजतात. जीप भरल्याशिवाय हलत नाही. लहान मुलगी घरी, म्हणून अंबडला खोली करून राहता येत नाही. उशीर म्हणजे गैरहजर, असा तिथला नियम. दिवाळीपर्यंत इतके उशीर झाले की शिकवणाऱ्या शैला मॅडमनी तिला बोलावून सांगितले, "तीन दिवस हातात आहेत. चौथा गेला तर परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही. वर्ष वाया जाईल."

ही गोष्ट घरात कळली ती बायनाबाईंकडून, कारण मनीषा सासऱ्यांशी थेट बोलत नव्हती. त्यांच्याकडे ती रीतच आहे. सासरा दारात आला की बाहेरूनच खाकरतो, सून पदर पुढे ओढते आणि बाजूला होते. काही सांगायचे असेल तर सासूमार्फत. सहा वर्षे एका घरात राहून त्या दोघांत सरळ एक वाक्य झाले नव्हते, आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नव्हते.

आबाराव ऐकून म्हणाले, "तिला सांग, म्या नेऊन सोडीन."

"कशावर?"

"गाडीवर."

"माहा हात गेला, आता सुनेची पाळी का?" बायनाबाईंनी वळत नसलेला हात त्यांच्यासमोर धरला. आबारावांनी त्या हाताकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "शिकतो. बराबर शिकतो, मंगच बसवतो. आठ दिस दे. तवर तिला दिवाळीची सुट्टीच हाय."

अंगदचा फोन आला. "बाबा, तुम्ही न्हाई. मी सुट्टी टाकतो."

"किती टाकतो?"

"दोन दिवस मिळतील."

"ड्युटी फेब्रुवारीपर्यंत हाय. ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी ते चौकातल्या गोरक्षनाथ मेकॅनिककडे गेले आणि विचारले, "मागं माणूस बसलं की गाडीत काय काय बदलतं?"

गोरक्षनाथाने पाना खाली ठेवला. वीस वर्षांत त्याला हे कुणी विचारले नव्हते. मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते, ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते, पाय ठेवायची दांडी घट्ट पाहिजे, साडीगार्ड पाहिजे. सांगता सांगता त्याने गाडीची साखळी आवळली, झिजलेले ब्रेक बदलले. आबारावांनी दोन हेल्मेट आणली. एक स्वतःला, एक जरा लहान.

गाळप सुरू व्हायला अजून आठ दिवस होते. ऊसवाहने उभी राहतात ते मोठे मैदान मोकळे पडलेले. ऑफिसच्या खिडकीतून मी पाहिले तर आबाराव मागच्या सीटवर सरकी पेंडेचे पोते दोरीने आवळून मैदानात गोल फिरत होते. डोक्यात हेल्मेट. पोत्याला मात्र नव्हते.

क्रेनवाला बबलू ओरडला, "ओ आबाराव, कुठं पळवून नेऊन राह्यलाव पोत्याला? घरी माहीत हाय का?"

"तूच सांगून ये."

"पोत्यालाबी हेल्मेट घाला की! पोलीस पकडतील!"

आबाराव हसले नाहीत, थांबलेही नाहीत. त्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ मारली होती. तिथे थांबायचे, पुन्हा निघायचे, वळायचे, पुन्हा थांबायचे. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी ते ऑफिसात आले. टोपी हातात होती.

"भाऊसाहेब, पोतं बिलकुल बिनकामी हाय. हालत न्हाई, भेत न्हाई, बोलत न्हाई. त्याला काय वाटलं ते कसं कळावं? तुमी बसता का?"

माझे वजन मी इथे सांगत नाही, पण पोत्यापेक्षा जास्त आहे. जेवणाच्या सुट्टीत बसलो. पहिल्याच फेरीत माझे हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर चार वेळा आदळले. गिअर बदलला की टक्, ब्रेक लावला की टक्. उतरल्यावर त्यांनी विचारले, "काय वाटलं? खरं सांगा."

"ढकलल्यासारखं वाटलं."

"बसा पुन्हा."

पुढचे चार दिवस माझी जेवणाची सुट्टी त्या मैदानात गेली. त्यांनी एकच खूण धरली, टक् आवाज आला की चुकले. क्लच हळू सोडायचा, ब्रेक आधीपासून आणि थोडा थोडा दाबायचा, मागच्याचे डोके पुढे आणि पुढच्याचे मागे जाता कामा नये. शेवटच्या दिवशी सात फेऱ्या झाल्या आणि एकदाही टक् झाले नाही. बबलू क्रेनवरून टाळ्या वाजवत म्हणाला, "आता भाऊसायबाला घेऊन पळा!"

आबारावांनी शिफ्ट मागून घेतली, दुपारी बारा ते रात्री आठ. सकाळ मोकळी. सोमवारी सकाळी पावणेसातला मनीषा साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, सीटच्या अगदी टोकाला बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा. डाव्या हाताने मागचे कॅरिअर धरलेले. हेल्मेट घालायला तिला लाज वाटली, म्हणून ते हँडलला अडकवले होते. आबारावांनी ते पाहिले, पण तिला सांगायचे कसे? बायनाबाई म्हशीकडे गेल्या होत्या. ते तसेच निघाले. त्यांच्या हातून झालेली ती पहिली चूक.

दुसरी लगेच पुढे झाली. वस्तीच्या रस्त्यावर शाळेजवळ गतिरोधक आहे. आबारावांनी वेग आधीच कमी केला. मागे बसलेल्याला सूचना द्यायची, हे त्यांनी माझ्याबरोबर पक्के केले होते. मला ते "ब्रेकर आला, भाऊसाहेब" असे सांगत. पण सुनेला हाक मारायची सवय नाही. म्हणून ते मोठ्याने खाकरले.

मनीषाने कॅरिअरचा हात सोडला आणि पदर पुढे ओढला.

विचार करून नव्हे. सहा वर्षे दिवसातून दहा वेळा जे केले तेच हाताने केले. त्याच क्षणी मागचे चाक गतिरोधकावर चढले आणि ती घसरून खाली पडली.

वेग माणूस चालतो तेवढाच होता म्हणून निभावले. कोपर सोलवटले, साडी फाटली, डोके थोडक्यात वाचले. आबाराव गाडी तशीच टाकून धावले, आणि दोन हात अंतरावर थांबले. उठवायला हात द्यावा की नाही, हे त्यांना कळेना. शाळेपुढे झाडू मारणाऱ्या दुर्गाबाईंनी येऊन तिला उठवले आणि आबारावांना म्हणाल्या, "बघता काय? देव हाय का ती, हात लावायचा न्हाई?"

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी कोपर सुजून हात वर होईना, तोही गेला. तीनपैकी एक दिवस उरला. पुढे फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या सकाळी, आणि हातात एक दिवस.

बायनाबाईंनी जाहीर केले, "संपलं. आता ह्या घरातली बाई त्या गाडीवर बसणार न्हाई."

आबारावांनी मंगळवारी सकाळी गाडी अंगणात खोलून ठेवली होती. ब्रेक पाहिले, हवा पाहिली, शॉक दाबून पाहिले. कुठेच दोष नव्हता. संध्याकाळी कामावरून सुट्टी घेऊन ते लवकर घरी आले. ती मागणी माझ्याकडेच आली होती. ते ओट्यावर बसले आणि बायनाबाईंना म्हणाले, "तिला विचार, हात काहून सोडला?"

"भेली असंल."

"विचार तू."

बायनाबाईंनी आत तोंड करून विचारले. मग आतून मनीषाचा आवाज आला, "मामा खाकरले."

बायनाबाई आधी हसल्या, मग त्यांचे हसू थांबले. सून नवी होती तेव्हा त्यांनीच तिला शिकवले होते, मामा खाकरले की पदर घ्यायचा, हातातले काम टाकायचे पण पदर घ्यायचा. त्या आत गेल्या आणि तिच्या कोपरावरची पट्टी उगाच नीट करत बसल्या.

आबाराव उठले. दारापाशी गेले, खाकरले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "मनीषा."

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचे नाव घेतले. ती उभी राहिली, पदराकडे हात गेला.

"राहू दे तो पदर. माहं ऐक. गाडीवर म्या खाकरणार न्हाई, बोलून सांगणार. ब्रेकर, खड्डा, वळण, थांबतो. तू 'हं' म्हणायचं. मला ऐकू आलं पाहिजे. आन् तुला मागचं काही दिसलं तर तूबी बोलायचं. तोंड बंद ठेवून बसणार असशील तर म्या नेणार न्हाई."

बायनाबाई म्हणाल्या, "आन् बसणार कशी ती? साडीवर?"

"ड्रेस घालंल. दोन्हीकडं पाय टाकून बसंल. हेल्मेट घालंल. आन् मला धरंल."

"सासऱ्याला धरंल? लोकं काय म्हणतील?"

"लोकं माह्या शीटवर बसून राह्यले का? पडंल ती कोण? लोकं पडतील का?"

आतून मनीषा म्हणाली, "आत्या, दवाखान्यात मी रोज परक्या माणसांना धरून उठवते." हे ती सासूला म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकावे इतक्या मोठ्याने.

बायनाबाईंनी रात्रभर काय विचार केला मला ठाऊक नाही. सकाळी त्या स्वतःच गाडीपाशी आल्या. मनीषा पंजाबी ड्रेस घालून, पिनांनी ओढणी पक्की करून उभी होती. बायनाबाईंनी हेल्मेट तिच्या डोक्यात घातले, मागे सरकून पाहिले आणि म्हणाल्या, "हे पदरापेक्षा बरं. सगळंच झाकून जातं. नाकसुद्धा." मग सून बसल्यावर आपल्या आखडलेल्या हाताने तिचे दोन्ही हात धरून नवऱ्याच्या कमरेला लावले. "घट्ट धर. बाप समज. आन् तुमी, वो, मला जशी आणली तशी न्हाई न्यायची हिला."

त्या दिवशी वाटेत आबारावांचे तोंड एकदाही बंद झाले नाही. "ब्रेकर." "हं." "खड्डा, डावीकडून घेतो." "हं." "म्हशी हायेत, थांबतो." "हं." मुख्य रस्त्याला लागताना ते पूर्ण थांबले, दोन्हीकडे पाहिले, निघाले. अंबडला दवाखान्यापुढे पोचले तेव्हा आठला वीस मिनिटे कमी होती. मनीषा उतरली. आबारावांनी विचारले, "काय वाटलं? खरं सांग."

"मामा, तुम्ही लई बोलता," ती म्हणाली आणि आत गेली.

मग गाळप सुरू झाले. आमच्याकडे त्या दिवसांत रस्ता उसाचा असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, वाटेत पडलेला ऊस. त्यावर चाक गेले की साबणावर गेल्यासारखे. आबारावांनी पंधरा मिनिटे आधी निघायचे ठरवले आणि बायनाबाई पहाटेच भाकरी थापू लागल्या. वस्तीवरच्या बायका आधी कुजबुजल्या. एका म्हातारीने बायनाबाईंना तोंडावर विचारले, "सून सासऱ्याच्या गळ्यात पडून जाती म्हणं?"

"गळ्यात न्हाई, कमरेला," बायनाबाई म्हणाल्या. "आन् ती नर्स झाल्यावर तुहं बीपी तपासायला तिलाच बोलवावं लागंल, तवा नीट बोल."

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी दाट धुके होते. समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बैलगाडीच्या चालीने. बराच वेळ त्याच्या मागे गेला. आठला पंचवीस मिनिटे उरली आणि अंबड अजून दहा किलोमीटर. तो एक उरलेला दिवस आज जाणार, असे दोघांनाही दिसत होते. समोरचा रस्ता जरा मोकळा दिसला. आबारावांनी आरशात पाहिले, आरशावर दव साचलेले. हाताने पुसले, काही दिसले नाही. "पुढं घेतो," म्हणाले आणि गाडी उजवीकडे काढली.

"हं" आले नाही.

"मामा, थांबा! मागून ट्रक! आत घ्या, आत!"

आबारावांनी कसलाही विचार न करता गाडी परत डावीकडे घेतली. झटका न देता घेतली, सवयीने. दिवे न लावलेला ट्रक त्यांच्या अगदी बाजूने भर्रकन् पुढे गेला. मनीषाने मान वळवून मागे पाहिले होते म्हणून तिला तो दिसला होता.

आबारावांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. दोघे उतरले.

मनीषा म्हणाली, "मामा, उशीर होईल."

"होऊ दे. आजचा दिस गेला असं समज. एकच होता ना? गेला."

धुके उठेपर्यंत दोघे तिथेच उभे राहिले. त्या दिवशी ती साडेआठला पोचली. रजिस्टरवर गैरहजेरी लागली. आता हातात काहीच उरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते सव्वासहाला निघू लागले. सव्वासातच्या आत अंबडला. दवाखान्याचे फाटक उघडेपर्यंत समोरच्या टपरीवर मनीषा पुस्तक वाचत बसे, आबाराव चहा घेत आणि परतत. "घाईच कशाला पाहिजे रस्त्यावर? घाई घरूनच करून निघावं," असे त्यांनी मला एकदा हजेरी लावताना सांगितले. संक्रांत गेली, थंडी गेली. फेब्रुवारीच्या शेवटी शैला मॅडमनी परीक्षेला पात्र मुलींची यादी लावली. मनीषाचे नाव त्यात होते. तिने ते सासूला फोनवर न सांगता आधी टपरीवर थांबलेल्या आबारावांना सांगितले. त्या दिवशी ते परतले नव्हते.

परीक्षेचे केंद्र जालन्याला आले. वस्तीवरून पन्नास किलोमीटर, आणि अंबडच्या पुढे अवजड गाड्यांचा रस्ता. गव्हाणीवर बबलूने विचारले, "मंग? जालन्यालाबी गाडीवरच ना? आता तर तुमी पास झालाव."

"न्हाई. अंबडपर्यंत गाडी. पुढं एसटी."

"काहून? भेलाव का?"

"व्हय, भेलो," आबाराव म्हणाले. "अंबडपर्यंतचा रस्ता मला ठाव हाय, खड्डा न खड्डा. पुढचा न्हाई. ठाव नसलेल्या रस्त्यावर पोरीची परीक्षा न्यायची न्हाई."

बबलूने मान डोलावली. तो क्रेनवर चढला.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सहाच्या आत ते अंबडच्या स्थानकावर होते. मनीषाला खिडकीची जागा मिळाली. आबारावांनी कंडक्टरला केंद्राचे नाव दोनदा सांगितले. कंडक्टर म्हणाला, "काका, ती शिकलेली हाय, तिला उतरता येतं."

"येतं. पर तुम्हाला ठाव असू द्या."

गाडी सुरू झाली तशी मनीषाने खिडकीतून मान बाहेर काढली. आसपास वस्तीवरची दोन माणसे होती, ओळखीची. तिने त्यांची पर्वा केली नाही. मोठ्याने म्हणाली, "मामा, परत जाताना जल्दी करू नका. मागं मी न्हाई बघायला."

"मान आत घे आधी!" आबाराव ओरडले.

तिने मान आत घेतली. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले. मग गाडी सुरू केली आणि सावकाश घरी निघाले. त्या दिवशी बाराच्या शिफ्टला ते कारखान्यावर साडेअकरालाच आले होते, रस्त्यावर घाई नको म्हणून घरूनच लवकर निघून.